दोन सेंटीमीटर

माझ्या थोरल्या भावाच्या नातवाचं जावळ काढलं ते साल एकोणीसशे सत्त्याण्णव. वैशाखातला दिवस होता. बेडगला भावाच्या दारात मांडव घातला होता. पोराला मामाच्या मांडीवर बसवलं होतं, न्हावी वस्तरा पाजळत होता आणि पोर केकाटत होतं. तेवढ्यात माझी लेक वैजयंता एसटीतून उतरून आली. ती पोलीस भरतीच्या मैदानावरून आली होती. पायात कॅनव्हासचे बूट, अंगात पांढरा टी-शर्ट. पहाटे घरून निघताना इस्त्री केलेला तो टी-शर्ट तसाच कडक होता. घामाचा एक डाग नव्हता.

"काय झालं?" मी विचारलं.

"जेवायला वाढ," ती म्हणाली.

माझी भावजय तानूबाई परात घेऊन चालली होती, ती थांबली. "काय इन्स्पेक्टरीणबाई, टोपी कुठं ठेवली?"

"टोपी त्यांच्याकडंच राहिली, मामी. उंचीत काढलं."

"आणि पळण्यात?" माझ्या भावानं, आण्णानं, विचारलं.

"पळूच दिलं न्हाई. आधी उंची मोजतात. एकशे पंचावन्न लागते. माझी एकशे त्रेपन्न पॉइंट दोन भरली. बाजूला व्हा म्हणाले."

दोन वर्षं ती रोज पहाटे रेल्वेच्या मैदानात पळत होती. बारावी झाल्यावर तिने दुसरं काहीच मनात घेतलं नव्हतं.

तानूबाई म्हणाली, "बरंच झालं म्हणायचं. हिला बघून चोर पळायचा न्हाई. चोरच हिला काखोटीला मारून न्यायचा."

सगळा मांडव हसला. वैजूही हसली. "नेऊ दे की. काखोटीतनंच त्याच्या खिशातला माल काढून घेईन."

आण्णा हसला नाही. जेवणं झाल्यावर त्यानं मला बाजूला घेतलं. "हौसे, कवठ्याचा तो गिरणीवाला अजून थांबलाय. बिजवर असला तरी माणूस निर्व्यसनी हाय. होकार कळवू?"

वैजू पाटावर बसून बूट काढत होती. तिने मान वर करून माझ्याकडं बघितलं.

"पुढली भरती होऊ दे," मी म्हणाले.

"कवा हाय?"

"पुढल्या वर्षी, पावसाळा सरला की. तवा न्हाई झालं तर तू म्हणशील तिथं देते."

"तेवीस वर्षांची पोरगी वर्षभरात वाढणार हाय व्हय? ऊस हाय का तो?"

माझ्या मनात तेव्हाच एक गोष्ट आली होती.

मी मिरजेत एका हाडांच्या दवाखान्यात मावशी होते. दवाखान्यात फरशी पुसणारी, पेशंटला भांडं देणारी, पट्ट्यांच्या बादल्या उचलणारी जी बाई असते तिला सगळे मावशीच म्हणतात. नवरा रेल्वेत गँगमन होता. वैजू सहा महिन्यांची असताना तो गेला. त्यानंतर दवाखान्याच्या थोरल्या डॉक्टरांनी मला कामावर घेतलं. बावीस वर्षं तिथं कुणी मला माझ्या नावानं हाक मारली नव्हती. नव्याने आलेली, माझ्या लेकीपेक्षा लहान नर्ससुद्धा "ए मावशी, इकडं ये" म्हणायची. माझ्या घरात एक तरी माणूस असं व्हावं की ज्याला अरे-तुरे करताना लोकांची जीभ अडखळेल, एवढं मला पाहिजे होतं.

त्या दवाखान्यात थोरल्या डॉक्टरांच्या मागे त्यांचा मुलगा बघत होता. त्याला सगळे धाकटे डॉक्टर म्हणत. लहानपणापासून आखूड राहिलेले पेशंटचे पाय तो लांब करायचा. हाड मुद्दाम तोडायचं, पायाभोवती स्टीलच्या कड्यांची चौकट बसवायची, कड्यांतून बारीक तारा हाडात आरपार घालायच्या. मग चौकटीचे स्क्रू छोट्या पान्याने रोज थोडे थोडे फिरवायचे. तोडलेली दोन टोकं दिवसाला एक मिलिमीटर लांब सरकतात आणि मधल्या फटीत नवीन हाड धरतं. असा एक मुलगा मी चार महिने पुसला-धुतला होता. येताना लंगडत आला होता, जाताना सरळ चालत गेला.

बेडगहून परत आल्यावर आठवड्याने मी धाकट्या डॉक्टरांपुढे उभी राहिले.

त्यांनी ऐकून घेतलं आणि हात धुवायला गेले. परत येऊन म्हणाले, "मावशी, हे आजारी पायांसाठी आहे. तिचे पाय चांगले आहेत. दोन सेंटीमीटरसाठी कोणी दोन चांगली हाडं तोडतं का?"

"तिचं सगळं त्या दोनावर अडलंय."

"नाही. मी करणार नाही."

महिन्याने पुन्हा विचारलं. पुन्हा नाही म्हणाले. तिसऱ्या वेळी मी त्यांच्या वडिलांचं नाव काढलं. थोरले डॉक्टर शेवटचे सात महिने अंथरुणाला होते, तेव्हा त्यांचं सगळं मी केलं होतं. नर्स नको म्हणायचे, मावशीला बोलवा म्हणायचे. मी म्हणाले, "तुमच्या वडिलांचं मी काय केलं ते कधी बोलून दाखवलं न्हाई. आज दाखवते."

ते उठून खिडकीपाशी गेले. मग म्हणाले, "भरतीत असं ऑपरेशन केलेलं चालतं का, ते विचारलंय का?"

"विचारलंय," मी म्हणाले.

कुणी विचारलं नव्हतं. विचारलं तर भरतीवाल्यांना कळेल, असं वैजूला आणि मला दोघींना वाटत होतं.

"चालायला सहा महिने लागतील. पळायला वर्ष. आणि एक गोष्ट कबूल करा. तार जिथं कातड्यात शिरते तिथं लाली आली, रस आला, ताप आला, तर त्याच दिवशी मला दाखवायचं. गरज पडली तर मी चौकट काढून टाकीन. किती वाढलंय, किती राहिलंय, मी ऐकणार नाही. कबूल?"

"कबूल."

खर्च त्यांनी दवाखान्यावर घातला. त्यातलं काही मला द्यावं लागलं नाही.

आता गोळ्यांचं सांगते. मला तेव्हा अक्षर येत नव्हतं, पण दवाखान्यातल्या गोळ्या मी रंगावरून आणि आकारावरून ओळखायची. तापाची कुठली, दुखण्याची कुठली, जखम चिडल्यावर देतात ती लाल-पिवळी कुठली, सगळं पाठ होतं. आमच्या गल्लीत मी डॉक्टरीण होते. कुणाचं पोर तापलं तर माझ्या दारात यायचे.

दर महिन्याच्या शेवटी दवाखान्याच्या मेडिकलमधले चौगुले एक खोका भरून माझ्याकडे द्यायचे. मागच्या खड्ड्यात नेऊन जाळायचा. पहिल्या वेळी मी खोका उघडला तर आत चांगल्या चकचकीत गोळ्या.

"चौगुलेभाऊ, ह्या का जाळायच्या?"

"मुदत संपली. आता विकता येत नाहीत."

विकता येत नाहीत, एवढंच ते म्हणाले. मी ते दुकानदाराचं काम समजले. औषध जुनं झालं की वाया जातं, हे माझ्या डोक्यात शिरलंच नाही, कारण मी उलटंच ऐकत मोठी झाले होते. माझ्या सासूच्या फडताळात अकरा वर्षांच्या तुपाची बरणी होती. कुणाला भाजलं, कापलं, गळू फुटलं की लोक वाटी घेऊन यायचे आणि ती बोटभर तूप द्यायची. जुना गूळ खोकल्याला, जुना मध डोळ्याला. "ताज्यानं पोट भरतं, गुण जुन्यानं येतो," असं ती म्हणायची. मग मी खोक्यातलं निम्मं जाळायची आणि निम्मं घरी आणायची. गेटवर पिशवी तपासायचे आणि गोळ्यांची पाकिटं कुरकुर वाजतात. म्हणून मी गोळ्या तिथंच पाकिटातून सोडवायची आणि पदराच्या गाठीत बांधून न्यायची. पाकिटं खड्ड्यात. घरी कॉफीच्या रिकाम्या बाटल्या होत्या, त्यात रंगाप्रमाणे भरायची. सगळ्यात जुन्या गोळ्यांची बाटली वेगळी होती. ती मी गल्लीत कुणाला देत नव्हते. घरच्या माणसांसाठी राखून ठेवली होती.

वैजूला गोळ्या दवाखान्यातल्या आहेत एवढंच माहीत होतं. बाटलीवर काही लिहिलेलं नव्हतं, ती तरी काय वाचणार?

सहा ऑक्टोबरला ऑपरेशन झालं. दोन्ही नडग्या. शुद्धीवर आल्यावर तिने पायांकडं बघितलं आणि म्हणाली, "आई, हे तर कोंबड्यांचं खुराडं झालं."

सालोमी सिस्टर वॉर्डात होत्या. त्या जुन्या, माझ्याच वयाच्या. त्या म्हणाल्या, "अंडी घालायची नाहीत फक्त."

आठवड्याने पहिल्यांदा स्क्रू फिरवला. तो दिवस एक धरायचा. वीस दिवस फिरवलं की दोन सेंटीमीटर. दिवसातून चार वेळा, दर वेळी पाव फेरा. घरी आणल्यावर सकाळचा आणि जेवणाच्या सुट्टीत घरी येऊन दुपारचा मी फिरवायची, संध्याकाळचे दोन तिचे ती. भिंतीवर तिने कोळशाने वीस रेघा मारल्या होत्या आणि रोज एक खोडायची.

"आज किती झाले?" मी कामावरून आल्यावर विचारायची.

"सात. मामीला कळव, ऊस पेऱ्यावर आला."

दुखायचं. फिरवल्यावर तासभर ती बोलायची नाही. पलंगाच्या लोखंडी पट्टीला धरून बसायची. पण बावीस तारखेला धाकट्या डॉक्टरांनी तपासलं, फोटो काढला, आणि पहिल्यांदा हसले. "छान चाललंय. मी सव्वीसला पुण्याला सासुरवाडीला जातोय, दिवाळी करून दोन तारखेला येतो. तोवर इथले दुसरे डॉक्टर आहेत. काही वाटलं तर लगेच यायचं."

पंचवीस तारखेला, तेराव्या दिवशी, उजव्या पायाच्या खालच्या तारेभोवती लाली दिसली. रुपयाएवढी. दाबलं तर पाण्यासारखा रस आला.

मी म्हणाले, "दाखवायला पाहिजे."

"नको," वैजू म्हणाली. "ते चौकट काढतील. तेराच झालेत. आई, सांगू नको. तुझ्याकडची गोळी दे की. कितीतरी लोकांना बरं करतेस."

मी जुन्या गोळ्यांची बाटली काढली. लाल-पिवळी, सकाळी दोन, संध्याकाळी दोन. जखम मिठाच्या पाण्याने पुसली. दुसऱ्या दिवशी लाली तेवढीच होती. मला वाटलं, धरली.

मी रोज कामाला जात होते. रोज सालोमी सिस्टर विचारायच्या, "पोरगी कशी आहे?"

"बरी आहे."

"रस वगैरे?"

"काही नाही."

गल्लीत आकाशकंदील लागले. शेजारणी फराळाची ताटं घेऊन आल्या आणि वैजूच्या पायांना बघून तोंडाला पदर लावून गेल्या. ती सगळ्यांशी बोलत होती. पोलीस झाल्यावर पहिल्यांदा कुणाला धरणार, ते सांगत होती. गल्लीच्या तोंडाशी एक दूधवाला पाणी घालून दूध विकायचा, त्याचं नाव पहिलं होतं.

भाऊबीज एक तारखेला होती. त्याच दिवशी वीस पुरे होत होते. आण्णा बेडगहून आला, बरोबर तानूबाई. मी सकाळपासून घरात उदबत्त्या लावल्या होत्या. वैजूच्या अंगावर नवी चादर घातली होती, पायावरून पार खाली.

तानूबाई म्हणाली, "एवढा धूर का गं? देऊळ हाय का घर?"

"सण हाय," मी म्हणाले.

आण्णानं वैजूच्या कपाळाला हात लावायला पुढं केला. मी म्हणाले, "आता डोळा लागलाय, झोपू दे." त्यानं हात मागं घेतला.

"डोळे उघडेच हायत की," तो म्हणाला.

वैजू त्याच्याकडं बघत होती. तिचे ओठ फुटले होते. तिने काहीतरी म्हटलं, ते कुणाला कळलं नाही.

"औषधाची गुंगी हाय," मी म्हणाले. "आण्णा, वीस झाले आज. दोन सेंटीमीटर. एकशे पंचावन्नच्या वर गेली तुझी भाची."

आण्णा म्हणाला, "खरंच वाढली म्हणायची."

मी त्याला ओवाळलं. त्यानं ताटात साडी घातली. ते दोघे चारच्या एसटीने गेले. ते गेल्यावर मी दिवसाचा शेवटचा पाव फेरा फिरवला. वैजू ओरडली नाही.

दोन तारखेला सकाळी तिने मला ओळखलं नाही. मी रिक्षा आणली. दवाखान्याच्या दारातच सालोमी सिस्टरनी चादर वर केली आणि तोंड फिरवलं. मग माझ्याकडं बघितलं. त्या बघण्याबद्दल मला काही लिहायचं नाही.

धाकटे डॉक्टर पुण्याहून तसेच आले होते, अंगात प्रवासाचे कपडे. त्यांनी विचारलं, "किती दिवस झाले याला?"

"आठ."

"आठ दिवस काय दिलं?"

मी पिशवीतून बाटली काढून पुढं केली. त्यांनी गोळी हातात घेतली, चौगुल्यांना बोलावलं. चौगुल्यांनी गोळी उलटसुलट करून बघितली.

"मावशी, ही गोळी आपण दोन वर्षांपूर्वी बंद केली. ह्या तर मी तुम्हाला जाळायला दिल्या होत्या." त्यांचा आवाज बदलला. "तुम्ही ह्या खायला दिल्या?"

"जुन्या होत्या म्हणूनच दिल्या. घरच्यासाठी ठेवल्या होत्या."

धाकटे डॉक्टर खाली बसले. मग हळू आवाजात, लहान मुलाला सांगावं तसं म्हणाले, "मावशी, त्यात जीव उरला नव्हता. आणि हाडाच्या जखमेला ही गोळी चालतही नाही. तुम्ही आठ दिवस तिला काहीच दिलं नाही."

त्यांनी चौकट त्याच तासात काढली. तिसऱ्या दिवशी उजवा पाय मांडीपासून काढला. विष रक्तात गेलं होतं, ते काढता आलं नाही.

तिचे दिवस झाल्यावर आमच्या गल्लीच्या मागे राहणारे एक हवालदार भेटायला आले. चहा घेतला, मग विचारलं, "हे पाय लांब करायचं कशासाठी केलं?"

मी सांगितलं.

त्यांनी कप खाली ठेवला. "अहो बाई, हाडं तोडून जोडलेली पोरगी मेडिकलला उभीच राहिली नसती. पायाला त्या तारांचे व्रण दिसले असते की, पहिल्याच दिवशी घरी पाठवलं असतं. आधी मला विचारायचं. मी मागच्याच गल्लीत राहतो."

पुढं गल्लीत सगळीकडं तीच गोष्ट झाली. बिचारी अडाणी बाई, गोळीवरची तारीख वाचता आली नाही, लेक गेली. पोरगीही हट्टी होती, दवाखान्यात यायलाच तयार नव्हती, असं मी सांगायची आणि लोक मान हलवायचे. दवाखान्यातून मला काढलं नाही. चौगुल्यांनी मात्र खोका द्यायचं बंद केलं, ते स्वतः जाळायला लागले.

दोन हजार एक साली शाळेत रात्रीचा साक्षरतेचा वर्ग निघाला. सालोमी सिस्टर मला घेऊन गेल्या. मी बावन्न वर्षांची होते. अ पासून सुरुवात केली. वर्षाने वाचायला यायला लागलं, दोन वर्षांनी लिहायला. जागतिक साक्षरता दिनाला शाळेत माझा सत्कार झाला. शाल, नारळ आणि एक पाटी. भाषण करायला आलेल्या बाई म्हणाल्या, एका तारखेचे चार आकडे वाचता आले नाहीत म्हणून या माउलीला पोटची मुलगी गमवावी लागली, आणि त्या दुःखातून ती अक्षर शिकली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी शाल नीट करून घेतली आणि नमस्कार केला.

ती गोष्ट अर्धी आहे. उरलेली आजवर मी कुणाला सांगितली नाही. सालोमी सिस्टरनासुद्धा नाही. त्या आता नाहीत.

लक्ष्मीपूजनाचा दिवस होता, तीस ऑक्टोबर. अठरा रेघा खोडल्या होत्या. मी दिवेलागणीला कामावरून आले. वैजू पलंगावर भिंतीला टेकून बसली होती. अंगात ताप होता. पायावरचं फडकं बाजूला काढून ठेवलं होतं. ती लाली गुडघ्यापर्यंत आली होती आणि तारेच्या भोवतालचं कातडं काळं पडलं होतं.

ती म्हणाली, "आई, रिक्षा बोलाव."

"का?"

"दवाखान्यात चल. हे बरं होत न्हाई. तुझ्या गोळीनं काही होत न्हाई."

मी पणती लावत होते. मी म्हणाले, "अठरा झालेत. दोनच राहिलेत."

"राहू देत. मला न्हाई व्हायचं पोलीस."

"असं वेड्यासारखं बोलू नको."

"आई, मी खरं बोलते. मामाला सांग, गिरणीवाल्याला हो म्हण. मी करते लग्न. उद्या करते. पण आता चल."

बाहेर पोरं फटाके लावत होती. ती माझ्या हाताला धरून होती. तिचा हात तव्यासारखा होता.

मी म्हणाले, "इतकं सोसलंस ते दोन दिवसांसाठी पाण्यात घालणार? परवा भाऊबीज. तुझा मामा येणार, ती तानू येणार. त्यांना काय दाखवू? अर्धवट पोरगी?"

तिने हात सोडला. मग म्हणाली, "परवा नेशील?"

"परवा नेते."

"शपथ?"

"शपथ."

मी बाटलीतून दोन गोळ्या काढून तिच्या तळहातावर ठेवल्या. तिने त्या बघितल्या आणि गिळल्या. मग मी पाना घेतला आणि अठराव्या दिवसाचा राहिलेला पाव फेरा फिरवला.

तारीख वाचता येत नव्हती हे खरं आहे. गोळी जुनी झाली की मरते हे माहीत नव्हतं, हेही खरं. पण त्या खोलीत जो वास येत होता, तो मला माहीत होता. बावीस वर्षं मी तोच वास फरशीवरून पुसत होते, त्याच्या बादल्या उचलत होते. तो वास आला की कुठल्या पेशंटला कुठं नेतात आणि त्यातले किती परत येतात, हे मला कुठल्याही नर्सपेक्षा चांगलं कळत होतं. वास कळला म्हणून तर मी उदबत्त्या आणल्या.

दुसऱ्या दिवशी पाडव्याला मी कामावर गेले. सालोमी सिस्टरनी विचारलं, "पोरगी कशी आहे?" मी म्हणाले, "बरी आहे. करंज्या खाल्ल्या."

एक तारखेला सकाळी तिने मला एकदाच विचारलं, "आज ना?" मी म्हणाले, "मामा येऊन जाऊ दे." त्यानंतर ती माझ्याशी बोलली नाही. तिच्या मामाशी ती काय बोलली ते मला कळलं होतं. ती म्हणाली होती, "न्या मला."

वैजयंता रामचंद्र वायदंडे, वय तेवीस, अकरा नोव्हेंबर एकोणीसशे सत्त्याण्णव, मंगळवारी सकाळी पावणेदहा वाजता मिरजेत दवाखान्यात वारली.